बांबूचं योगा-वेलनेस रिट्रीट कोकण-गोव्यात बांधायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरची आंबा-काजूची बाग आहे, किंवा सिंधुदुर्ग-गोव्याकडे नवी जागा घेतलीय आणि तिथे योगा शाळा, मसाजच्या खोल्या, राहायला चार-सहा कॉटेज असं काहीतरी बांबूत करायचंय, असे लोक जे प्रश्न सतत विचारतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं कोकण किनाऱ्याचा पाऊस डोळ्यासमोर ठेवून दिलीत, विदर्भात किंवा देशावर बांधणार असाल तर काही गोष्टी बदलतील.

बालीत बघितलेलं डिझाइन जसंच्या तसं इथे उभं करता येईल का?

नाही. हे आधीच सांगून टाकतो कारण बहुतेक जण मोबाइलवर बालीचे फोटो घेऊनच येतात. तिथलं काम अभ्यास करण्यासारखंच आहे, उबुडच्या दक्षिणेला ग्रीन स्कूल आहे, २००८ ला सुरू झालेली, तिथला 'द आर्क' नावाचा व्यायामाचा हॉल २०२१ ला पूर्ण झाला, १९ मीटरचा गाळा आणि मधे एक खांब नाही, बघून माणूस थक्क होतो. पण त्यामागे तिथे सहज मिळणारा पेटुंग नावाचा जाडजूड बांबू आहे, त्याच कामात मुरलेले कारागीर आहेत आणि एकेका सांध्याचा हिशोब करणारे इंजिनिअर आहेत. फोटोत यातलं काही दिसत नाही, फक्त कमान दिसते.

दुसरी गोष्ट हवामानाची. बाली विषुववृत्ताच्या खाली ८ अंशावर आहे, तिथे चक्रीवादळ सहसा येत नाही. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गेलं, बागाच्या बागा आडव्या झाल्या हे रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुणाला सांगायला नको. वर आपला पाऊस, वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्तच आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, तोही समुद्राकडून वाऱ्याबरोबर तिरका येणारा. बालीकडून शिकायचं ते सांधे कसे करतात, बांबूला किडीविरुद्ध ट्रीटमेंट कशी देतात, छप्पर किती खाली आणतात हे. आकार आपल्या पावसाने ठरवायचा.

बांबू टिकतो किती? लोक म्हणतात दोन वर्षांत कुजतो.

दोन वर्षांत कुजतो हे खरंय, जर ट्रीटमेंट न करता मातीत रोवला तर. मातीत आणि उघड्यावर साधा बांबू १ ते ३ वर्षं, छपराखाली कोरडा राहिला तर ४ ते ७ वर्षं, आणि नीट ट्रीटमेंट केलेला, जमिनीपासून वर, पावसापासून झाकलेला असेल तर २५-३० वर्षं आरामात. एकच बांबू आणि आयुष्यात एवढा फरक, त्यामुळे "बांबू टिकतो का" यापेक्षा "मी त्याला कुठे आणि कसा ठेवतोय" हे जास्त महत्त्वाचं.

कुठला बांबू घ्यायचा? गावात तर माणगा मिळतो.

माणगा चांगलाच आहे, घ्या. काटे नाहीत, सरळ जातो, खालचा भाग जवळजवळ भरीव असतो आणि सिंधुदुर्गात बांधा-बांधावर त्याची बेटं आहेत. फक्त तो फार जाड होत नाही, साधारण ३ ते ५-६ सेंटीमीटर, त्यामुळे एका माणग्यावर छप्पर तोलायची अपेक्षा ठेवू नका, चार-सहा काठ्या एकत्र जुडी बांधून खांब करायचा किंवा कमानीला वापरायचा, वाकवायला तो छान असतो. वासे, रीप, कठडे, पलंग, खुर्च्या याला तर माणग्यासारखा दुसरा नाही. मोठ्या खांबांना बाल्कोआ बघा, जाड भिंतीचा असतो, ८-१० सेंटीमीटरच्या वर सहज जातो, हल्ली महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी लावलाय. कळकही जाड आणि दणकट, पण काटे आणि वाकडेपणा यामुळे तोडणाऱ्याचा जीव जातो आणि निवड फार करावी लागते. विदर्भातला मानवेल भरीव असतो, तोही चालतो, फक्त वाहतुकीचा खर्च धरा.

एक टाळा, शोभेचा पिवळा बांबू. दिसतो सुंदर, पण त्यात पिष्ट भरपूर, किडा सगळ्यात आधी तिथे येतो. बागेत लावा, छपरात नको.

अमावास्येला तोडलेला बांबू किडत नाही म्हणतात, खरं का?

जुने लोक अमावास्या पाळतात आणि आजही कुणी पाळत असेल तर मी त्याला अडवणार नाही, पण खरा फरक पडतो तो ऋतूने आणि बांबूच्या वयाने. पावसाळ्यात कोंब फुटायच्या काळात तोडू नका. पावसाळा संपून पाणी आटल्यावर, थंडीत तोडलेल्या बांबूत पिष्ट आणि ओल दोन्ही कमी असतं. वय ३ ते ५ वर्षं पाहिजे. कोवळा बांबू वाळताना चुरमडतो, चिरतो, आणि फार जुना ठिसूळ होतो.

वय कसं ओळखायचं तर बेटाजवळ जाऊन बघा, पहिल्या वर्षाची काठी गर्द हिरवी, पेरांवर पांढरट पावडर आणि खालच्या पेरांना अजून वाळकी टरफलं चिकटलेली असतात. तीन वर्षांच्या पुढची काठी मळकट, हिरवा रंग उतरलेला, अंगावर पांढरे-करडे शेवाळी डाग, टरफल एकही नाही, आणि कोयत्याच्या पाठीने वाजवली तर आवाज टणक येतो, कोवळीचा बद्द येतो. ठेकेदार गाडी भरून आणतो तेव्हा ही पारख करायला स्वतः उभे राहा किंवा माहितगार माणूस उभा करा, कारण एकदा ट्रीटमेंटच्या टाकीत गेल्यावर सगळे सारखेच दिसतात.

ट्रीटमेंट नेमकी काय करतात?

बांबूचा मोठा शत्रू म्हणजे भुंगेरा. पिष्ट खायला येतो, टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडतो आणि आत पोखरत जातो. सकाळी झाडू मारायला गेलं की खांबाखाली पिवळसर पिठाची बारीक रास दिसते, पुसली तरी दुसऱ्या दिवशी परत. शांत खोलीत रात्री कान देऊन ऐकलं तर कुरतडल्याचा आवाजही येतो, आणि तुमच्या रिट्रीटमध्ये गेस्ट शांततेसाठीच आलेत.

सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी. १०० लिटर पाण्याला साधारण ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड. पोकळ बांबू असेल तर लांब सळईने आतले पडदे फोडून घेतात म्हणजे पाणी आतून पण मुरतं, मग टाकीत आठवडाभर बुडवून ठेवायचा, वर वजन ठेवून, नाहीतर तरंगतो. बाहेर काढून सावलीत, उभा करून, हवा खेळती ठेवून सुकवायचा. उन्हात टाकाल तर फटाफट चिरा जातील.

आता माणग्याची अडचण इथेच येते. तो भरीव, पडदे फोडायला पोकळीच नाही, आणि बाहेरची साल इतकी गुळगुळीत की पाणी आत जात नाही. त्यामुळे नुसता बुडवून काढलेला माणगा बरेचदा वरवर ट्रीट झालेला असतो. त्याला प्रेशर प्लांट हवा, किंवा ताजा तोडल्या तोडल्या बुडख्याकडून दाबाने द्रावण ढकलायची पद्धत. विकत घेताना सरळ विचारा की कुठल्या पद्धतीने केलंय, किती दिवस, आणि एखादी काठी मधोमध कापून दाखवा म्हणा. जो विकणारा हे दाखवायला तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

आणि वापरलेलं द्रावण शेतात किंवा वहाळात ओतायचं नाही. बोरॉन जास्त झालं की झाडं जळतात. तेच पाणी मात्रा तपासून, परत घट्ट करून पुन्हा वापरता येतं.

आमची थीम पूर्ण नॅचरल आहे, केमिकल न वापरता होणार नाही का?

जुनी पद्धत आहेच, वाहत्या पाण्यात किंवा खाडीच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायचा, पिष्ट धुऊन जातं, किडा कमी येतो. धूर देणंही आहे. मांडव, कुंपण, बागेतलं बाक यासाठी मला ते पटतं. पण ज्या छपराखाली वीस माणसं डोळे मिटून झोपणार आहेत त्याच्या मुख्य खांबांना आणि कैच्यांना, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटींना, मी ट्रीटमेंटशिवाय हात लावणार नाही. बोरॅक्स-बोरिक त्यातल्या त्यात सौम्य आहे, करणाऱ्याने हातमोजे घालावेत, पोटात जाऊ देऊ नये, पण सुकलेल्या खांबापासून गेस्टला त्रास होत नाही. आर्सेनिकवाली ट्रीटमेंट मात्र अजिबात नको, लोक अनवाणी फिरतात, खांबाला टेकून बसतात.

बोरॉनला एक मर्यादा आहे, ते पावसाने धुऊन जातं. म्हणजे ट्रीट केलेला बांबू सुद्धा छपराखालीच पाहिजे. उघड्यावरचे कठडे, पायवाटेच्या कमानी वगैरे दर काही वर्षांनी बदलायच्या आहेत हे धरूनच चाला.

छप्पर कसं असावं?

बांबूच्या कामात निम्मं डोकं छपरातच घालायचं. भातलावणीला बाया पाठीवर इरलं घेतात बघा, बांबूच्या कामट्यांचं, डोक्यापासून खाली कमरेच्याही मागे येणारं, वाकून काम केलं तरी पाठ कोरडी. तुमचं छप्पर तसं पाहिजे, उतरतं आणि खूप खाली आलेलं.

हिशोब सोपा आहे. पाऊस ४५ अंशात तिरका आला आणि वळचण जमिनीपासून ३ मीटरवर असेल तर पाणी ३ मीटर आत येणार. वळचण २ मीटरवर आणली तर २ मीटर. म्हणून उंच, आकाशाकडे उडाल्यासारखी पाखं फोटोत भारी दिसतात पण आपल्याकडे जुलैमध्ये हॉलच्या मधल्या मॅटपर्यंत पाणी येतं. कोकणातल्या जुन्या घरांनी हे कधीच सोडवलंय, मधे उंच माजघर आणि भोवती उतरती पडवी. योगा हॉललाही तेच करा, मधला भाग उंच, चारी बाजूंनी पडवीसारखा खाली आलेला पट्टा, तिथे चपला, पाण्याचं माठ, बसायला ओटा, आणि भिजला तर तो पट्टा भिजेल, आतली जमीन नाही. पश्चिम आणि नैऋत्येची बाजू सगळ्यात खाली आणा, पाऊस तिथूनच येतो आणि संध्याकाळचं ऊनही तिथूनच.

वरून काय घालायचं याबद्दल माझं मत, राहायच्या खोल्यांना मंगलोरी कौलं. वजन असतं म्हणून वाऱ्याला बरी, गावात मिळतात, फुटलं तर एक बदलता येतं, फक्त खालचं बांबूचं स्ट्रक्चर त्या वजनाचा हिशोब करून बांधलेलं पाहिजे. वळणदार छपराला कौल बसत नाही, मग लोक पत्रा घालून वर गवत किंवा झावळं अंथरतात. नुसती झावळं एक-दोन पावसाळ्यांत संपतात आणि दर वर्षी झाप विणून शाकारायला माणसं मिळत नाहीत ही आजची परिस्थिती आहे. उघडा पत्रा मात्र नको. मुसळधार पावसात पत्र्याखाली शिक्षकाचा आवाज दुसऱ्या ओळीलाही ऐकू येत नाही, ध्यान तर लांबच. घालायचाच असेल तर खाली विणलेल्या बांबूच्या तट्ट्या, मधे इन्सुलेशन, वर गवत असे थर द्या.

आढ्याला हवा जायला फट ठेवा, तिला वरून टोपी करून. आपण १६ अंश अक्षांशाच्या आसपास आहोत, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, भिंतींपेक्षा छप्परच तापतं, ती गरम हवा वरून निघून गेली पाहिजे.

खांब जमिनीत रोवले तर मजबूत नाही का होणार?

होतील, पहिल्या पावसाळ्यापर्यंत. बांबूचा पाय कधीही माती किंवा ओल्या काँक्रीटमध्ये जाता कामा नये. काँक्रीटमध्ये गाडला तर लोकांना वाटतं आता वाळवी लागणार नाही, पण बांबू सुकून आक्रसतो, कडेने फट पडते, पाणी आत साचतं आणि आतून कुजतो, बाहेरून कळतही नाही. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, जोतं घ्या, निदान ४५ ते ६० सेंटीमीटर उंच, म्हणजे पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतं ते खांबापर्यंत येणार नाही. जोत्यातून लोखंडी सळई किंवा पट्टी वर काढायची, बांबू त्यावर बसवून बोल्ट करायचा, खाली बोटभर मोकळी जागा. पागोळ्या पडतात तिथे खडीची चर काढा.

योगा हॉल किती मोठा आणि कुठल्या तोंडाचा?

एका माणसाला हात-पाय पसरून धरले तर साधारण ४ चौरस मीटर लागतात. २० जणांना ८०, वर शिक्षकाची जागा आणि सामान, म्हणजे १०० चौरस मीटरच्या आसपास. याच्यावर जाऊ नका असं माझं सांगणं आहे, मोठा गाळा म्हणजे मोठा खर्च आणि वाऱ्याला मोठं छप्पर, आणि खरं तर वीसच्या वर माणसं झाली की रिट्रीटचं शिबिर होतं.

लांब बाजू उत्तर-दक्षिण उघडी ठेवा, पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन हवं असेल तर तिथे मर्यादित उघडं, पश्चिम झाकलेली. वारा बसलेल्या, झोपलेल्या माणसाला लागला पाहिजे, त्यामुळे उघडी जागा जमिनीपासूनच सुरू होऊ दे. कंबरेएवढी भिंत बांधली की उभ्या माणसाला गार वाटतं आणि शवासनात पडलेला घामाने निथळतो. मच्छरांसाठी गुंडाळता येणाऱ्या जाळ्या ठेवा, संध्याकाळच्या सत्राला त्यांच्याशिवाय कुणाचं लक्ष लागणार नाही. सीलिंग फॅन लावणार असाल तर तो सरळ बांबूला टांगू नका, वेगळ्या आडव्या दांड्यावर घ्या, नाहीतर कंप सगळ्या छपरात फिरतो.

घुमटाचा आकार फार मागतात. गोल घुमटाखाली आवाज मधोमध गोळा होतो आणि कडेला विचित्र घुमतो, एकाने खोकलं की सगळ्यांना शेजारी खोकल्यासारखं वाटतं. खाली चटया, वर तट्ट्यांची ओबडधोबड पृष्ठं असली की जरा बरं पडतं, तरी मला लांबट हॉलच आवडतो.

मसाज आणि पंचकर्माच्या खोल्या पण उघड्या बांबूच्या कराव्यात का?

नको. फोटोत उघड्यावरचं मसाज टेबल आणि मागे भाताची शेतं दिसतात ते वेगळं, पण आयुर्वेदात स्वेदनाला निवात जागा सांगितलीय, म्हणजे जिथे वारा अंगावर येत नाही अशी. तेल लावून, घाम काढून माणूस झोपलाय आणि अंगावरून वारा चाललाय हे त्याच्या तब्येतीला बरं नाही. शिवाय कुणालाही तिथे झाकलेलं, सुरक्षित वाटलं पाहिजे, विशेषतः बायकांना. बांबूच्या विणलेल्या भिंतीतून उजेड आरपार येतो, आवाज आरपार जातो, आणि रात्री आत दिवा लावला की बाहेरून सावली दिसते.

त्या खोल्यांना चिरा किंवा मातीच्या भिंती करा, चुन्याचा गिलावा, बांबू फक्त वर छताला आणि दारा-खिडक्यांना. कूड घालणार असाल तर दोन्ही बाजूंनी मातीने लिंपून घ्या. जमीन मात्र बांबूची नको, तेल मुरतं, मग काळं पडतं आणि वास धरतं. कोटा किंवा कडप्पा, न घसरणारा, धुता येईल असा.

बाथरूम आणि स्टीम रूम?

स्टीम रूममध्ये बांबू अजिबात नाही. बाथरूमला डोक्याच्या उंचीपर्यंत चिरा-दगड, त्यावर हवा जाईल असा बांबू, चालेल.

बांबू स्टीलपेक्षा मजबूत असतो ना?

हे वाक्य सगळीकडे फिरतं आणि त्यामुळे लोक गाफील राहतात. बांबूचे धागे ओढायला फार ताकदवान आहेत, वजनाच्या मानाने बघितलं तर स्टीलशी तुलना होते, हे खरं. पण वाकायला तो स्टीलपेक्षा कितीतरी पट मऊ आहे, आणि धाग्यांच्या आडव्या दिशेने ओढला तर सहज फाटतो, बुरुड एका घावात काठी उभी चिरतो ते त्यामुळेच. इमारत पडते ती बहुतेक सांध्यात.

म्हणून खिळा मारायचा नाही, चीर लगेच पळते. ड्रिलने भोक पाडून बोल्ट, तोही पेराच्या जवळ. एक बांबू दुसऱ्यावर बसतो तिथे टोक गोल खाच करून बरोबर बसेल असं कापायचं. ज्या सांध्यावर जास्त भार आहे तिथे आतली पोकळी सिमेंट मॉर्टरने भरून बोल्ट करायचा, ही पद्धत कोलंबियाच्या सिमोन व्हेलेझ यांनी मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली. काथ्याची दोरी सुंदर दिसते, कारागीर जीव लावून बांधतात, ती जरूर बांधा, पण आत बोल्ट आहे हे बघून. बांबू सुकून आक्रसला की दोरी सैल होते.

वादळात उडून जाणार नाही ना? इंजिनिअर लागतोच का?

लागतोच. बांबू हलका, हॉल उघडा, वारा खाली शिरतो आणि छप्पर छत्रीगत वर ढकलतो, त्यामुळे इथे भीती छप्पर खाली पडण्यापेक्षा वर उचललं जाण्याची जास्त. वाऱ्याच्या भारतीय मानकात मुंबईसाठी ४४ मीटर प्रति सेकंद आणि गोव्यासाठी ३९ असा मूळ वेग धरलाय, म्हणजे ताशी १४० ते १६० किलोमीटर. रीप वाशाला, वासा कैचीला, कैची खांबाला, खांब जोत्याला अशी साखळी न तुटता पायापर्यंत जायला हवी, आणि पायाला वजन हवं. तिरके ताण दोन्ही दिशांना द्या. बांबूच्या स्ट्रक्चरसाठी आपलं मानक आहे, आयएस १५९१२, शिवाय नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये बांबूचा भाग आहे, त्यामुळे "बांबूचं कॅल्क्युलेशन होत नाही" असं कुणी इंजिनिअर म्हणाला तर दुसरा शोधा.

आगीचं काय?

बांबू जळतो, आणि पेटल्यावर पेरांमधली हवा तापून फट्‌फट् फुटतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रात बांबूच्या इमारतीचं काम चालू असताना फेब्रुवारी २०२१ मध्ये आग लागली होती, विदर्भातल्या लोकांना आठवत असेल. वेलनेसच्या जागेत तर मेणबत्त्या, धूप, कापूर, तेलाचे दिवे, सगळंच. बांबूच्या हॉलमध्ये उघडी ज्योत बंद असा नियमच करा, होम-हवन बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात. वायरिंग सगळं पाइपातून, जोड उघडे नाहीत. स्वयंपाकघर वेगळं, चिऱ्याचं, अंतर सोडून. दोन कॉटेजमध्येही अंतर ठेवा, गवताच्या छपराला तर जास्तच. प्रत्येक हॉलला समोरासमोर दोन मोकळे रस्ते, फायर एक्स्टिंग्विशर, आणि मे महिन्यात भोवतीचा पालापाचोळा साफ.

पावसाळ्यात रिट्रीट चालू ठेवता येतं का, की गोव्याच्या शॅकसारखं उतरवून ठेवायचं?

दोन्ही रस्ते आहेत. पाळोळेसारख्या किनाऱ्यावरच्या झोपड्या मे अखेर उतरवतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास परत उभ्या करतात, आपल्याकडेही दिवाळीनंतर खळ्यात घातलेला माटव (मांडव) पावसाआधी काढतातच. तुमचा सीझन फक्त थंडीचा असेल तर सुटणाऱ्या बोल्टचं स्ट्रक्चर करा, काठ्या कोरड्या शेडमध्ये रचून ठेवा, आयुष्य बरंच वाढेल.

पण मला मनापासून वाटतं की पावसाळा सोडू नये. केरळात कर्कटक महिना, म्हणजे जुलै मध्य ते ऑगस्ट मध्य, खास आयुर्वेदिक उपचारांचा मानतात आणि लोक त्यासाठी मुद्दाम येतात. कोकणातल्या पावसात पडवीत बसून राहणं हीच एक चिकित्सा आहे. त्यासाठी तयारी करावी लागते. बुरशी येणार, ती पुसायची, ओल धरून बसेल अशी जागा कुठेही ठेवायची नाही, कपाटं भिंतीला चिकटवायची नाहीत, गाद्या-उशांसाठी एक तरी बंद कोरडी खोली ठेवा जिथे डीह्युमिडिफायर चालेल. मॅट रोज उभ्या करून वाळवायला दांड्या. बंद ठेवलेल्या खोल्या उघड्या खोल्यांपेक्षा लवकर खराब होतात, त्यामुळे गेस्ट नसले तरी रोज दारं उघडा.

बांबूचं आहे म्हणजे परवानगी लागत नाही ना?

लागते. गोंधळ असा होतो की २०१७ ला भारतीय वन कायद्यात बदल करून बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढलं, त्यामुळे खाजगी जमिनीवरचा बांबू तोडणं-नेणं सोपं झालं. बांधकामाच्या परवानगीशी त्याचा संबंध नाही. जमिनीचा वापर, बांधकाम परवानगी, समुद्राजवळ असाल तर सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम), हे सगळं आहेच, ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून बऱ्याच ठिकाणी २०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते. जमीन घ्यायच्या आधी नकाशा बघून घ्या, नंतर नाही.

आरसीसीपेक्षा स्वस्त पडेल?

कच्चा बांबू स्वस्त. नीट ट्रीट केलेला, वयाचा, निवडलेला बांबू, वाहतूक, बोल्ट, चांगलं जोतं, मोठं छप्पर आणि कुशल माणसांचे दिवस धरले तर स्वस्त राहत नाही. बजेट कमी असेल तर आकार लहान करा, सरळ कैच्या घ्या, ट्रीटमेंट आणि जोतं कापू नका. वळणदार कमानीवर पैसा घालून ट्रीटमेंट वाचवणारे बघितले की वाईट वाटतं.

कारागीर कुठे मिळतील?

कुडाळला कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, २००४ पासून चालू आहे. मेळघाटात लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र आहे, चिचपल्लीलाही प्रशिक्षण चालतं. आणि आपल्या गावातल्या बुरुड कुटुंबांना विसरू नका. बांधकाम हे त्यांचं जुनं काम नाही, पण तट्ट्या, छताचं विणकाम, दिव्यांची झाकणं, पडदे, टोपल्या यात त्यांचा हात दुसऱ्या कुणाला येणार नाही. त्यांना दिवसाच्या हजेरीवर मजूर म्हणून न घेता डिझाइनच्या बैठकीला बोलवा, कारागिराची मजुरी कारागिरासारखी द्या.

मेंटेनन्स किती?

वर्षातून दोनदा. मृगाच्या आधी छप्पर, वळचण, बोल्ट घट्ट करणं, पन्हळी साफ. पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, बुरशी धुणं, भोकं दिसली तर इंजेक्शनने बोरॉन भरणं, आणि सगळं कोरडं झालं की तेलाचा हात. जवसाचं तेल चालतं. काजूच्या टरफलाचं तेल लाकूड-बांबूला उत्तम, पण ते कातडीला पोळतं, त्यामुळे खाली जोत्याजवळ आणि मागच्या बाजूला लावा, कठडे, दारं, बसायच्या जागा याला नाही. ऊन लागणारा बांबू करडा पडणारच.

स्वतःच्याच जागेत बांबू लावून त्याचंच बांधता येईल का?

येईल, घाई नसेल तर. ५ बाय ५ मीटरवर लावला तर हेक्टरी ४०० बेटं बसतात. माणगा बियाण्यापासून मिळत नाही, कंदापासून किंवा फांदीच्या रोपापासून लावतात, पावसाच्या सुरुवातीला. पाचव्या वर्षाच्या पुढे तोडण्याजोग्या काठ्या मिळायला लागतात. पहिल्या बांधकामाला विकतचा घ्या आणि आजच कुंपणाच्या कडेने लावून ठेवा, कठडे, रीप, पलंग बदलायची वेळ येईल तोवर घरचा तयार असेल. दर वर्षी कोणत्या सालची काठी आहे ते रंगाने खूण करून ठेवा, म्हणजे तोडताना वयाचा प्रश्नच येत नाही, आणि बेटाच्या मधल्या जुन्या काठ्या आधी काढा, कडेच्या कोवळ्या सोडा.